फिटच्या औषधावरचा कुत्रा लटपटतोय? ब्रोमाइड जास्त झालंय का ते कसं ओळखायचं आणि काय करायचं

आमचा राजा, साडेआठ वर्षांचा लॅब्राडोर, त्याला फिट्स यायच्या म्हणून फिनोबार्बिटोनच्या जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड सुरू झालं, फिट्स आटोक्यात आल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. मग वजन फार वाढलं म्हणून फरसाण, पापडाचे तुकडे, आमच्या ताटातलं उरलेलं सगळं एका दिवसात बंद केलं आणि कमी मिठाचं फूड आणलं. दीडेक महिन्याने रात्री फरशीवर त्याच्या मागच्या पायांची नखं खर्र खर्र घासल्याचा आवाज यायला लागला, वळताना मागचा भाग एका बाजूला जायचा, जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन नुसता उभा राहायचा. आम्ही म्हटलं वय झालं, लॅब्राडोरना हिप्सचा त्रास असतोच. असे तीन आठवडे घालवले आम्ही, त्याचं अजून वाईट वाटतं. रक्त तपासलं तेव्हा ब्रोमाइड खूप वर गेलेलं. म्हणून हे लिहितेय.

आधी हे समजून घ्या की डोस तोच असताना असं होतं कसं. ब्रोमाइड लिव्हरमध्ये मोडत नाही, ते किडनीतून लघवीवाटे जातं, आणि तेही फार हळू, शरीरातलं निम्मं जायलाच साधारण 24-25 दिवस लागतात. त्यामुळे रोजच्या डोसची पातळी स्थिर व्हायला तीन-चार महिने जातात आणि त्रास तिसऱ्या महिन्यात दिसू शकतो, तोवर औषधावरचा संशय गेलेला असतो. दुसरी गोष्ट मिठाची. मिठातलं क्लोराइड आणि ब्रोमाइड किडनीला जवळजवळ सारखंच वाटतं, मीठ जास्त पोटात गेलं की ब्रोमाइड भराभर बाहेर पडतं आणि फिट्स परत येतात, मीठ कमी झालं की ब्रोमाइड आत साठत जातं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. किडनी अधू झाली तरी ते साठतंच.

आता घरी काय बघायचं. मागचे पाय सगळ्यात आधी, लटपटणं, पाय ओढणं, बसलेलं उठताना दोनदा प्रयत्न करावा लागणं. मग सुस्ती, हाक मारली तरी उशिरा मान वळवणं, गोंधळल्यासारखं भिंतीकडे बघत उभं राहणं, बाहुल्या मोठ्या दिसणं. भूक आणि तहान वाढणं, लघवी जास्त होणं हे बऱ्याच कुत्र्यांना योग्य डोसवरही होतं, आणि औषध सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे थोडी गुंगीही असते, पण नीट चालणारा कुत्रा काही महिन्यांनी लटपटायला लागला तर ते नॉर्मल समजू नका. सारख्या उलट्या आणि पोट दुखल्यासारखा वाकून उभा राहत असेल तर पॅन्क्रियाटायटिसची, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका असते, ते लगेच दाखवायचं.

संशय आला की मोबाइलवर त्याच्या चालण्याचा मागून आणि बाजूने व्हिडिओ काढा, दवाखान्यात घाबरून कुत्री वेगळीच चालतात. मग कागद घेऊन मागच्या तीन महिन्यांत काय बदललं ते लिहा: फूड, खाऊ, डोस, वजन, दुसरं कुठलं औषध. बाटलीसुद्धा बघा, सिरप बनवून घेतलेलं असेल तर एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते जुन्या आणि नव्या लेबलवर ताडून बघा, तिथे फरक पडला की तेवढ्याच एमएलमध्ये डोस वेगळा जातो.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उभंच राहता येत नसेल किंवा हलवूनही जागा होत नसेल तर फोनवर थांबू नका, थेट घेऊन जा. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका, फिनोबार्बिटोन तर अजिबातच नाही, ते एकदम थांबलं तर लागोपाठ फिट्स येऊ शकतात. आणि मीठ दिलं की ब्रोमाइड जातं असं वाचून घरी मिठाचं पाणी पाजू नका प्लीज, जास्त मिठाने स्वतंत्र विषबाधा होते.

रक्तात ब्रोमाइड लेव्हल आणि किडनीच्या टेस्ट्स करायच्या. ब्रोमाइडची टेस्ट सगळ्या लॅबमध्ये होत नाही, म्हणून आधीच विचारून ठेवा. सोबत फिनोबार्बिटोन असेल तर साधारण 1000 ते 2000 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एकटं ब्रोमाइड असेल तर 2000 ते 3000 ही पातळी धरतात, पण काही कुत्री याच्या आतसुद्धा लटपटतात म्हणून आकड्याइतकंच कुत्र्याकडे बघायचं. युनिट वाचा, प्रति डेसिलिटर लिहिलं असेल तर 2000 चे 200 होतात. अजून एक, साध्या रिपोर्टमध्ये क्लोराइड खूप जास्त दिसेल, कारण बरीच मशीन्स ब्रोमाइडलाच क्लोराइड म्हणून मोजतात, तेव्हा कुत्रा ब्रोमाइडवर आहे हे लॅबला सांगायचंच.

उपचार म्हणजे डोस कमी करणं किंवा थोडे दिवस थांबवणं आणि गंभीर असेल तर शिरेतून सलाइन. सलाइनने ब्रोमाइड वेगाने उतरतं आणि तेव्हाच फिट परत यायची भीती असते, म्हणून ते दवाखान्यात नजरेखाली राहूनच करायचं. राजा दोन दिवस सलाइनवर होता, दुसऱ्या रात्री मी हाक मारली तर शेपटी हलली, मी तिथेच रडले.

घरी आणल्यावर निसरड्या फरशीवर चटया टाका, जिना अडवा, भांडी थोडी उंच ठेवा. औषध जेवणाबरोबरच द्या, नाहीतर पोट बिघडतं. मीठ कमी-जास्त कितीही असो, रोज सारखं ठेवा, सुकट-बोंबील, चीज, वेफर्स अधूनमधून नकोत, बीचवर नेलंत तर खारं पाणी पिऊ देऊ नका आणि गोडं पाणी बरोबर न्या. फूड बदलायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा आणि बदलल्यावर एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी लेव्हल करा. आमच्याकडे आता फ्रीजवर कागद लावलाय, फिटची तारीख, डोस, आणि रोज संध्याकाळी राजा जिना कसा चढला ते एका शब्दात.