वृद्धाश्रमात मुलांना नेताय? आधी विचारलंत का?

बाकी काही वाचण्याआधी हे करा: तिथे फोन लावा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरले. तिसरी-चौथीची अडतीस मुलं, तीन खोकी गरम कपडे, महिनाभर बसवलेलं समूहगीत, आणि पोचलो दुपारी दोनला. आजी-आजोबा झोपलेले. कपाटं आधीच शालींनी गच्च. तिथल्या ताईंनी मुकाट्याने खोकी जिन्याखाली सरकवली. एक मुलगी हातात भेटकार्ड धरून व्हरांड्यात उभी, "बाई, हे कुणाला देऊ?" मला सांगता येईना.

"आम्ही येतोय" असं कळवणं म्हणजे विचारणं नव्हे. कळवलं मीही होतं. जेवण-औषधं-झोपेच्या वेळा विचारा, एका वेळी किती मुलं झेपतील ते विचारा, कुणाला गप्पा हव्यात आणि कुणाला अजिबात नकोत तेही. खाऊ तर न विचारता नेऊच नका, पथ्यं असतात. १ ऑक्टोबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, आपल्याला सोयीचा वाटतो; तसा तो इतर शाळांनाही वाटतो. तारीखसुद्धा त्यांनाच विचारा.

यंदा विचारलं तर काय उत्तर मिळालं? "सुयांत दोरे ओवून द्या. आणि फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून द्या." हे मला जन्मात सुचलं नसतं. आठ वर्षांच्या मुलाला सुईचं नेढं लख्ख दिसतं. एकेका सुईत हातभर दोरा ओवून कापडाच्या पट्टीला टोचून ठेवला की झालं. समूहगीत यंदा रद्द.

पालकांची संमतीपत्रं, बस, पाणी, प्रथमोपचार पेटी: हे काही सांगायला नको. सोबतची मोठी माणसं मात्र मोजून घ्या. ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ४ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे आणि ९ ते १२ वर्षांच्या ८ मुलांमागे किमान एक मोठं माणूस असावं असं सुचवते. मी अडतीस जणांमागे दोघं नेली होती. दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते कळतच नव्हतं.

सर्दी-खोकल्याचं मूल घरी. रडलं तरी घरी. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरू शकतो, म्हणून ठणठणीत दिसणाऱ्यांनीही पोचल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे.

आता बोलण्याचा सराव. हा वर्गात करून घ्याच. म्हातारपणी कान मंदावतात तेव्हा सहसा आधी वरच्या पट्टीतले आवाज हरवतात, आणि मुलांचा आवाज नेमका त्याच पट्टीतला. ऐकू गेलं नाही की मूल ओरडतं, पट्टी आणखी चढते, आजी आणखी गोंधळतात. तेव्हा समोर बसायचं, चेहरा दिसू द्यायचा, सावकाश आणि जरा खालच्या आवाजात बोलायचं. जोड्या लावा, एकाने कानांत बोटं घालायची, दुसऱ्याने आपलं नाव-गाव सांगायचं. खिदळतील, खिदळू द्या. कार्डावरची अक्षरं अंगठ्याच्या नखाएवढी आणि काळीभोर हवीत. पांढऱ्यावर पिवळं स्केचपेन नको, कितीही हट्ट केला तरी.

मुलांना आधीच सांगून ठेवा: एकच प्रश्न चारदा आला तर चारदा उत्तर द्यायचं. कुणी भलत्याच नावाने हाक मारली तर "मी तो नाही" म्हणून भांडायचं नाही. कुणाला रडू आलं तर घाबरायचं नाही, बाईंना बोलवायचं. "तुम्ही इथे का राहता?" हे विचारायचं नाही. "लहानपणी काय खेळायचात?" हे चालेल.

फोटो परवानगीशिवाय नाही, ना त्यांचे ना मुलांचे. एक तास पुष्कळ. निघताना डोकी मोजा, बसमध्ये परत मोजा. दुसऱ्या दिवशी वर्गात पंधरा मिनिटं नुसतं बोलू द्या, निबंध नको. पुढची खेप कधी, ते तिथेच ठरवून या. कधी यावं, हेही विचारूनच.

आणि अजून फोन केला नसेल, तर बसवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.