पोरांना जंत झाले तर काय करायचं (कोकणातल्या आयांसाठी खास)

पोरगं रात्री ढुंगण खाजवतं, जेवूनही अंगाला लागत नाही, अधूनमधून पोट दुखतं, असं असेल तर जंताची शंका घ्या. गोड खाल्लं म्हणून जंत होतात हे आजीला सांगू देत, पण जंत येतात ते मातीतून आणि न धुतलेल्या हातातून.

आपल्याकडे पावसात तर विचारूच नका, आगरातली ओली सावलीची माती म्हणजे हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्यांना आयती जागा, कोणी उघड्यावर बसला असेल तर त्या तिथेच वाढतात आणि पोरं अनवाणी फिरली की तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, मग आतड्याला चिकटून रक्त पितात नि पोरगं फिकट पडतं. म्हणून पोफळीत जाताना चप्पल पाहिजेच!!

गोळी अल्बेंडाझोल. 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडी-शाळेत फुकट मिळते, 1 ते 19 वर्षांच्या सगळ्यांना. दोन वर्षांवरच्याला 400 मिग्रॅची एक, 1 ते 2 वर्षांच्याला अर्धी, तीही चुरून पाण्यातून. मोठ्यांनी चावून खायची, गिळायची नाही. ताप असेल तर त्या दिवशी नको. नंतर थोडं मळमळलं तर घाबरू नका.

रात्रीची खाज असेल तर डॉक्टरला विचारून घरातल्या सगळ्यांनीच घ्या, दोन आठवड्यांनी परत एकदा, आणि चादरी गरम पाण्यात धुवा. वावडिंगावर विसंबून राहू नका. नखं मात्र दर रविवारी कापा, कितीही रडूदे.