पेप्पा पिग डोक्यात जाते? मग हे करून बघा

दोन ते पाच वर्षांचं मूल असलेल्या घरात पेप्पा पिग या कार्टून मालिकेतल्या डुकराच्या पिल्लाबद्दल एकमत सापडणं कठीण. आईला ती आगाऊ वाटते, बाबाला तिच्या बाबांची, डॅडी पिगची, फजिती झोंबते, आजीला मुळात डुक्करच नको. आणि तिच्याच जिवावर कुकरच्या तीन शिट्ट्या निवांत होतात, हेही तिघांना पक्कं ठाऊक असतं.

ही कुरबुर फक्त आपल्याकडची नाही. ३१ मे २००४ ला ब्रिटनच्या चॅनल फाइव्हवर मालिका सुरू झाली आणि जिथे जिथे गेली तिथे मोठ्यांचे मतभेदही घेऊन गेली. अमेरिकेत मुलं ब्रिटिश ढंगात बोलायला लागली म्हणून आईबाप हसले आणि थोडे धास्तावलेही. ऑस्ट्रेलियात 'कोळ्याला घाबरू नका' सांगणारा एक भाग २०१२ मध्ये प्रक्षेपणातून काढावा लागला, कारण तिथले काही कोळी खरोखरच विषारी. चीनमध्ये टवाळखोर तरुणांनी तिला आपलं चिन्ह बनवलं, तेव्हा २०१८ मध्ये डोयिन या ॲपवरून तिचे सुमारे ३० हजार व्हिडिओ उडवले गेले. पुढच्याच वर्षी, चिनी पंचांगातल्या वराह वर्षाच्या तोंडावर, तीच पेप्पा तिथे नववर्षाच्या चित्रपटात मिरवत होती.

तेव्हा चीड येते म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. मात्र सगळी चीड एका मापाची नसते.

आधी तक्रारी वेगळ्या करा

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने पेप्पातलं काय खटकतं ते कागदावर लिहावं. मग एकेका तक्रारीला एकच प्रश्न लावायचा: मूल हे उचलून घराबाहेर कुणाशी असं वागलं, तर आपल्याला थांबवावं लागेल का?

नाकातून काढलेला घुर्र आवाज, तेच ते शीर्षकसंगीत, चेहऱ्याच्या एकाच बाजूला असलेले दोन डोळे, डुक्कर हा प्राणी, हे सगळं आवडीनिवडीच्या खात्यात जातं. त्यावर उपाय म्हणजे आवाज कमी करणं आणि सोडून देणं. वजनावरून चिडवणं, मनाविरुद्ध झालं की फोन आपटणं, धाकट्याला तुच्छतेने 'तू लहान आहेस' म्हणणं, हे दुसऱ्या खात्यात. इथे मोठ्यांनी काहीतरी करायचं असतं. तिसरं खातं माहितीच्या चुकांचं.

बहुतेक घरांत होतं असं की पहिल्या खात्यातला वैताग 'संस्कारां'च्या नावाखाली बाहेर पडतो आणि मालिका एकदम बंद होते. मूल आकांडतांडव करतं, चौथ्या दिवशी कुणीतरी गुपचूप मोबाइल देतं. मग मालिका पहिल्यापेक्षा जास्त चालते, आणि आता लपूनछपून.

खरा त्रास पेप्पाचा की न संपण्याचा?

हा भाग नीट वाचा, कारण निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात. पेप्पाचा एक भाग साधारण पाच मिनिटांचा. त्याला सुरुवात असते, एक छोटी अडचण असते, आणि बहुतेक वेळा शेवटी सगळे उताणे पडून खो खो हसतात. लहान मुलालाही कळेल इतका तो शेवट ठळक आहे. पण यूट्यूबवर हेच भाग तासा-दोन तासांच्या माळा करून टाकलेले असतात. शेवटच नाहीसा झाला की 'आता पुरे' कधी म्हणायचं हे मुलालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

म्हणून सुटे भाग लावायचे, माळ लावायची नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. या एका तासात बाकीचं सगळं येतं, आजोबांच्या मोबाइलवरची गाणीसुद्धा. तेव्हा पेप्पाच्या वाट्याला एका बैठकीत तीन किंवा चार भाग पुरेत.

रीत अशी:

१. बसण्यापूर्वी कपड्यांचे तीन मोठे चिमटे सोफ्याच्या कडेला लावा. एक भाग संपला की एक चिमटा मुलाने काढून डब्यात टाकायचा. चिंचोके किंवा गोट्या नकोत, तीन वर्षांखालचं मूल ते तोंडात घालतं.

२. मोबाइलऐवजी टीव्हीवर लावा. मोबाइल मुलाच्या हातात असला की पुढच्या भागाची निवडही त्याच्याच हातात जाते, आणि काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ऑटोप्ले बंद करा.

३. शेवटचा चिमटा उरला की सांगा, 'हा शेवटचा, मग अंघोळ.' पुढचं काम ठरलेलं हवं आणि त्याची तयारीही झालेली हवी. बादलीत पाणी काढलेलं नसेल तर त्या पाच मिनिटांत आणखी एक भाग मागितला जाणार, हे धरूनच चाला.

४. सगळे उताणे पडून हसायला लागले की रिमोटचं लाल बटण मुलाला दाबू द्या.

बिघडतं कुठे? भाग मध्येच बंद केला की रडारड होते. गोष्ट अर्धी राहिल्याचं ते दुःख असतं, त्याला हट्ट समजू नका. पाहुणे आले म्हणून चौथा भाग दिला, तर पुढचे चार-पाच दिवस चौथ्यासाठी घासाघीस होणार. द्यायचाच असेल तर सुरुवातीलाच चौथा चिमटा लावा. रडल्यानंतर मात्र लावू नका.

जेवताना पेप्पा हा आपल्याकडचा जुनाट रोग. मूल डोळे न हलवता तोंड उघडतं, आपण घास सारतो, पोट भरलं की नाही हे कुणालाच कळत नाही. सगळी जेवणं एकदम सोडवायला जाऊ नका. आधी सकाळची न्याहारी घ्या, तीही सुट्टीच्या दिवसापासून. पहिले काही दिवस मूल नेहमीपेक्षा कमी खाईल, तरी वाटी घेऊन मागे धावू नका, पुढच्या वेळेला भरपाई होते. न्याहारी रुळली की दुपारचं जेवण. रात्रीचं शेवटी, कारण तेव्हा मोठ्यांचाच धीर सुटलेला असतो. वजन वाढत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारूनच हे सुरू करा.

नकली पेप्पा

२०१७ च्या सुमारास यूट्यूबवर पेप्पाच्या चेहऱ्याचे भीतीदायक बनावट व्हिडिओ सापडल्याने जगभर ओरड झाली होती. ओळखायच्या खुणा अशा: शीर्षकात असंबद्ध शब्दांची रांग, एकाच चित्रात पेप्पा आणि स्पायडरमॅन, रेषा आणि आवाज मूळ मालिकेशी न जुळणारे, चॅनेलचं नाव अनोळखी. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'फक्त मी मंजूर केलेलं' हा पर्याय निवडता येतो. मग पेप्पाचं अधिकृत चॅनेल आणि आणखी दोन-चार, एवढंच मुलाला दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण आजी-आजोबांच्या फोनवरही करावं लागतं. तिथेच राहून जातं.

बाबाची ढेरी आणि आपटलेला फोन

डॅडी पिगच्या पोटावरचे विनोद ही सर्वांत रास्त तक्रार. मूल दोन दिवसांत 'बाबा, तुझी ढेरी!' म्हणतं. हसलात तर ते पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणणार, ओरडलात तर शब्दाला धार येणार. सपाट आवाजात सांगा: 'हो, माझं पोट मोठं आहे. पण पोटावरून कुणाला चिडवायचं नाही.' आणि विषय बदला. हे चालायला एक अट आहे. घरात 'किती जाडी झालीस गं' हे स्वागताचं वाक्य असेल, तर पेप्पाला बोल लावून उपयोग नाही.

बाबा सतत वेंधळा दाखवतात हीही तक्रार असते. भिंतीवर एक तसबीर लावताना तो भिंतीलाच भलं मोठं भगदाड पाडतो, हे खरं. पण चिखलाने माखलेली पोरं घरात आली तर हा माणूस ओरडत नाही, नुसता चिखल तर आहे म्हणतो. मम्मी पिगचा बंद पडलेला कॉम्प्युटर तो नुसता बंद-चालू करून दुरुस्त करतो, यावर घरून काम करणाऱ्या कुणालाही हसू यावं. मुलाला दोन्ही दिसतं, फक्त दुसरी बाजू आपण बोलून दाखवायची: 'बघ, ओरडला का तो?'

आता सूझी शीपचा प्रसंग. पेप्पाला शिट्टी वाजवता येत नाही. ती मैत्रीण सूझीला फोन करून विचारते, तुला येते का? सूझी फोनवरच झकास शिट्टी घालते. पेप्पा काही न बोलता फोन ठेवून देते. मोठी माणसं यावर पोट धरून हसतात, कारण हा मत्सर त्यांच्या ओळखीचा असतो. मूल मात्र फक्त फोन ठेवणं शिकतं. अशा वेळी भाग थांबवून प्रवचन देऊ नका. भाग संपू द्या, मग एकच प्रश्न विचारा: 'सूझीला काय वाटलं असेल?' उत्तर आलं नाही तरी चालेल. एकामागून एक प्रश्न आले की मुलाला परीक्षा वाटते आणि ते पुढच्या वेळी शेजारी बसू देत नाही.

आवाज बंद, मराठी चालू

मराठी घरातली खरी काळजी उच्चारांची नसते. खेळतानाची भाषा इंग्रजी होऊन बसते, ती काळजी जास्त. पुण्यात हे होतं आणि न्यू जर्सीतही. यावर पेप्पालाच कामाला लावा. मुलाने एखादा भाग तीन-चारदा पाहिला की तो त्याला पाठ असतो. मग तो आवाज बंद करून लावा. मम्मी आणि डॅडीचं तुम्ही बोला, पेप्पाचं मूल बोलेल, तिच्या धाकट्या भावाचं, जॉर्जचं, काम सोपं, त्याला रडायचं आणि डायनासोर म्हणायचं एवढंच. डबकं, गमबूट, चिखल, घसरगुंडी, दुर्बीण हे शब्द आपोआप तोंडात येतात. शब्दाला शब्द जुळवत बसू नका. 'अरे देवा, काय हा अवतार!' हे आपल्या घरात जसं म्हणतो तसंच म्हणा. रोज एकच भाग, तेवढं पुरे.

स्वतःला कंटाळा येत असेल तर मालिकेतल्या मिस रॅबिटवर लक्ष ठेवा. बस तीच चालवते, आइसक्रीम तीच विकते, वाचनालयात तीच बसते आणि हेलिकॉप्टरही तीच उडवते. आज ती कुठल्या कामावर आहे हे ओळखायची पैज मोठ्यांना जागं ठेवते. दुसरं बाळ येणार असेल तर २०२५ मध्ये पेप्पाच्या घरी आलेल्या एव्ही या धाकट्या बहिणीचे भाग आधी स्वतः बघा, मग मुलाबरोबर. तयारीला बरे पडतात.

चुकीची माहिती

सुरुवातीच्या भागांत गाडीत कुणी पट्टा लावत नसे. तक्रारी झाल्या, मग निर्मात्यांनी पट्टे आणि सायकलवर हेल्मेट आणले. मूल ते दाखवत असेल तर लगेच फायदा घ्या. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा २०२३ पासून आपल्याकडेही नियम आहे.

मालिकेतले डॉक्टर ब्राउन बेअर सर्दी-पुरळासाठी धावत घरी येतात, यावर एका ब्रिटिश डॉक्टरबाईंनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २०१७ च्या नाताळ अंकात गमतीने लेखच लिहिला होता. कोळ्याचं म्हणाल तर आपल्या घरातले बहुतेक निरुपद्रवी, पण कोकणात लाल विंचू असतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असंख्य जीव वाचवले. तेव्हा घरचा नियम एकच ठेवा: लांबून बघायचं, हात लावायचा नाही, बूट झटकून घालायचे.

डबक्यात उडी

ही मागणी जूनमध्ये येणारच. रस्त्यावरच्या पाण्याला साफ नाही म्हणा. उंदीर-गुरांच्या मुतामुळे त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, ते जखमेतून शिरतात, आणि मुंबईत पाणी तुंबलं की महापालिका दरवर्षी तोच इशारा देते. चुकून गेलंच मूल, तर पाय साबणाने धुवा, खरचटलेलं असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

त्याऐवजी गच्चीत किंवा अंगणात डबकं तयार करा. जुनी मोठी परात किंवा ताडपत्रीच्या कडा विटांवर उचलून केलेला खड्डा घ्या, त्यात कुंडीतली खत न घातलेली दोन-तीन तांबे माती आणि दोन बादल्या नळाचं पाणी टाका. खोली मुलाच्या घोट्यापर्यंतच. ताडपत्रीवर शेवाळ किंवा परातीला धारदार कड नाही ना, ते आधी हाताने चाचपा. गमबूट एक बोट जागा राहील एवढेच मोठे घ्या, फार सैल असले की उडी मारताना पाय आत आणि बूट बाहेर राहतो. मोठं माणूस शेवटपर्यंत तिथेच हवं. खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाका, नाहीतर डास होतात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून उपडे ठेवा आणि संध्याकाळी बोळे बदला.