उजाडेपर्यंत नांगरावर

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि खाडीत नांगरलेली आमची होडी सुटली. दुसऱ्या दिवशी ती खडकावर फुटलेली सापडली. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोराचा हातभर तुकडा तेवढा लोंबत होता. नाळेच्या लाकडाला जिथे तो रोज घासायचा, बरोबर तिथेच तुटला होता. बँकेचे चार वर्षांचे हप्ते बाकी होते. त्याच पावसाळ्यात बाबा गेले. कोरोनाचे दिवस, मातीला मोजकी माणसं.

ऑक्टोबरात चर्च उघडलं तेव्हा बायको-मुलं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेली, मी घरी बसलो. वसईच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात जन्मलेला माणूस, लहानपणी आल्तारवर (वेदीवर) सेवा केलेला. पण मला देवाशी बोलायचंच नव्हतं. त्यातून बाहेर यायला वर्ष गेलं. आज कुणी त्याच जागी बसलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी जेवा आणि झोपा. बायबलमधला एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, मग दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला दिलं. मी तीन महिने रात्री ओट्यावर बसून काढले आणि त्या जागरणात जे जे ठरवलं, ते सगळं चुकीचं ठरलं. रात्रीचे निर्णय घेऊ नका. धर्म सोडायचा, गाव सोडायचं, होडीचा धंदा सोडायचा, काही म्हणजे काही नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला सत्ताविसावा अध्याय हा दर्यावरच्या माणसाने वाचावा असा आहे. प्रेषित पौलाचं जहाज चौदा रात्री वादळात भरकटतंय. खलाशी बुडीद, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टाकून पाण्याची खोली मोजतात: वीस वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप), थोडं पुढे पंधरा वाव. म्हणजे खडक जवळ. अशा वेळी ते काय करतात? पाठच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. मग पौल सगळ्यांना काहीतरी खायला लावतो. पुढे जहाज फुटतं ते फुटतंच, पण 276 च्या 276 माणसं काठाला लागतात, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. मी हे शंभरदा ऐकलं होतं. होडी गेल्यावर पहिल्यांदा कळलं की त्या रात्री कुणी शीड उभारलं नव्हतं.

आता दोराचं सांगतो, कारण माझं सगळं तिथेच अडलं होतं. नांगर टाकताना दोर आखूड सोडला तर नांगर धरत नाही, ओढला जातो. पाण्याच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त दोर सोडावा लागतो. आणि नाळेवर जिथे तो घासतो तिथे गोणपाट किंवा जुना रबरी पाइप गुंडाळावा लागतो, तो रोज बघावा लागतो. त्या मे महिन्यात मी तो बघितला नव्हता. प्रार्थनेचंही माझं तसंच झालं होतं. वर्षानुवर्षं रविवारची मिस्सा तेवढी होती, रोजचं काही नव्हतं. म्हणून हाताशी येईल तेवढंच रोज धरा. माझ्यासाठी ते झोपताना क्रूसाची खूण करणं होतं. शब्द नाही, फक्त खूण. दोन महिने तेवढंच केलं.

राग आला असेल तर तो देवालाच सांगा. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रात दावीद राजा चार वेळा ‘कोठवर’ विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मी ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन मोठ्याने बोललो. फादरांकडे गेलो तेव्हाही पापांची यादी वगैरे काही नव्हती. “फादर, मला देवाचा राग आलाय,” एवढंच म्हणालो. ते गप्प बसून राहिले, मग म्हणाले, पुढच्या शनिवारी पुन्हा ये. मी गेलो.

तोंडातून प्रार्थना निघतच नसेल तर दुसऱ्यांच्या प्रार्थनेत जाऊन बसा. 2022 च्या मे महिन्यात आमच्या आळीतल्या क्रूसाजवळ रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची. आत्या हात धरून घेऊन गेली. मी मागच्या पायरीवर बसलो. पाच दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे पाच भाग), पन्नास वेळा ‘नमो मरिये’, सगळ्या बायका एका सुरात. मी ओठही हलवले नाहीत. पण त्या सुराने मला धरून ठेवलं. आठव्या-नवव्या दिवशी माझ्याही तोंडातून शब्द निघाला.

कर्जाचं काम मात्र बँकेतच करा. हप्ते वाढवून घ्या, मच्छीमार सोसायटीत बोला, नुकसानीचा पंचनामा मागा. तुमच्या अडचणीत येऊन ‘इतके पैसे अर्पण करा, चमत्कार होईल’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मी दिले होते, बायकोची बांगडी मोडून. आजही त्याचं वाईट वाटतं.

आणि शेजारपाजारच्यांना विनंती आहे. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले तिथे चुकले. ‘देवाच्या मनात काहीतरी चांगलं असेल’ हे बाबांच्या मातीवरून परतताना मला तिघांनी ऐकवलं. त्यापेक्षा कालवणाचं पातेलं आणून देणारी काकी मला आजही आठवते.

आमच्याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया. जपानमध्ये जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांबरोबर इतकी वर्षं राबले, पण त्यांनी संघात घेतलं नाही. व्यापार करावा लागला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाने घेतलं, तेही लेब्रदर, म्हणजे फादर नसलेला संघबंधू, म्हणून. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला त्यांनी क्रूसावर प्राण दिला. मी त्यांच्या मरणापेक्षा त्या नकारानंतरच्या वर्षांचा जास्त विचार करतो. दुकान चालवतानाच्या त्यांच्या प्रार्थना कशा असतील?

मी आता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे. 1 ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की नाळेवरचं गोणपाट बदलायचं काम मी मागून घेतो. बाबांची आठवण आली की अजून कधी कधी मिस्सेत उठून बाहेर जातो, पाच मिनिटांनी परत आत येतो. तुम्हाला उद्या आत जाणं जमत नसेल तर बाहेर उभे राहा. तेही जड वाटलं तर मे महिन्यात संध्याकाळी कुठल्याही आळीतल्या क्रूसाजवळ या. मागच्या पायरीवर जागा असते, कुणी काही विचारत नाही.