मृगाआधी डोंगरपाड्यावर: पहिली कुदळ पाण्याच्या वाटेला

रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आणि मुंबईत पाऊस नेमाने यायचा तर ११ जूनच्या आसपास येतो. आरेतल्या केलटीपाड्यापासून खांबाच्या पाड्यापर्यंत सध्या सगळीकडे बियाण्याच्या पुड्या सुटताहेत. माझं ऐकाल तर पुड्या चार दिवस तशाच राहू द्या. आधी कुदळ घ्या आणि घराच्या वरच्या अंगाला जाऊन या.

गेल्या पावसात पाणी कुठून उतरलं ते जमीनच सांगते. माती धुपून मुरूम उघडा पडलाय तीच त्याची वाट. घराच्या आणि वाफ्यांच्या वर आडवा, किंचित कलता चर काढा. उताराच्या सरळ रेषेत खणलात तर पाणी मातीसकट पळेल. चराचं तोंड ओहोळात सोडा, खालच्या घराच्या पडवीत नको. दरवर्षी पाड्यात निम्मी भांडणं याच कारणाने होतात. चरात अडकलेले थर्माकोल आणि प्लास्टिक आत्ताच काढून टाका. बांधाची डागडुजी करताना सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, दगड लावायला विसरू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसल्या पाण्यापुढे कुठलाच बांध टिकायचा नाही, पण एरवीच्या मोठ्या सरीत सांडवा मोकळा असला तर बांध वाचतो. बांधाच्या कडेने वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, ओहोळाचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर भांडीकुंडी आवरत बसू नका, माणसं घेऊन बाहेर पडा. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत डोंगरउतारावरची घरं माणसांसकट गाडली गेली, ती झोपेतच.

आता भात. उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या तुकड्याला हळवंच, लवकर पिकणारं बी घ्या, कर्जत-३ सारखं. उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला शेवटी पाणी पुरत नाही. दहा गुंठे लावणीला चार किलो बी आणि गुंठाभर रोपवाटिका पुरते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. तरंगेल ते पोचट, ते काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा आणि किलोला तीन ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. औषध लावलेलं बी कोंबड्यांच्या पुढ्यात येणार नाही असं ठेवा. राब भाजायची, म्हणजे रोपवाटिकेच्या जागी पालापाचोळा जाळायची जुनी रीत मला ठाऊक आहे, पण आजूबाजूला इतकं वाळलं गवत असताना काडी ओढणं म्हणजे जंगलाला आग लावणंच. त्याऐवजी मीटरभर रुंदीचे गादीवाफे करा आणि त्यात शेणखत नि भाताच्या तुसाची राख मिसळा. रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावणी करा, एका चुडात, म्हणजे एका ठिकाणी, दोन-तीन रोपं बास. लावणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात गाडलात तर युरियाची पिशवी निम्म्यावर येते.

पैसा मात्र मांडवावर आहे. पडवळ, शिराळी, कारली, काकडी गोरेगाव-बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर हातोहात खपतात, पण फळमाशी लागली की अर्ध्या टोपलीत अळ्या निघतात. ही माशी कोवळ्या फळात अंडी घालते, म्हणून वरून फवारून अळी मरत नाही. पहिली फुलं दिसताच क्यूल्युअरचे, म्हणजे नरमाशीला वासाने भुलवणारे, सापळे टांगा आणि सडकी, गळलेली फळं रोजच्या रोज वेचून हातभर खोल पुरा. बांधावर फेकलीत तर तुमच्याच पैशांनी माशा पोसल्यासारखं होईल. कोवळ्या पडवळाला कागदाची पिशवी बांधली तरी चालतं.

दुसरी डोकेदुखी आफ्रिकन गोगलगाईची. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या घट्ट पाण्यात बुडवा. विषारी गोळ्या कुत्र्या-कोंबड्यांच्या पाड्यात मी टाकणार नाही.

पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं आणि बिबट्याला आडोसा मिळतो. गोठ्याभोवतीचं आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांचं गवत वेळच्या वेळी कापा. शेळ्या उघड्यावर बांधू नका, वरून झाकलेला, दाराचा खुराडा हवा. मासळीचा आणि कोंबडीचा कचरा घरामागे टाकलात तर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर सोडू नका. दिसलाच तर पाठलाग आणि फोटो नकोत, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

आणखी एक, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. तबेल्यांकडून येणारं पाणी खाचरात शिरतं आणि त्यात उंदीर-घुशींचं, गुरांचं मूत असतं. पायाला चीर असेल तर त्यातूनच लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) शिरतो. चिखलात उतरताना गमबूट घाला, घोणस आणि फुरशापासूनही थोडा आडोसा मिळतो. गमबूट नसेल तर निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. घाण पाण्यातून चाललं असाल तर ताप येण्याची वाट पाहू नका, ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला दाखवा. ते विचारून गोळी देतात.

पहिल्या सरीनंतर शेवळं ही रानभाजी उगवेल. काढाल तेव्हा दांडा वरून खुडा, कंद उपसू नका. आणि भाजीत काकड, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, घालायला विसरलात तर घसा खाजल्यावर मला बोल लावू नका.