जुन्या स्पोर्ट्स कारला मोठी पेट्रोल टाकी बसवताना

शिवडीत माझा पत्र्याच्या आणि आर्गन वेल्डिंगच्या कामाचा गाळा आहे. जुन्या गाड्यांच्या टाक्या हे माझं सगळ्यात आवडतं काम. सध्या स्टँडवर साठच्या दशकातली एक एमजी मिजेट उभी आहे. तिची मूळ टाकी सहा ब्रिटिश गॅलनची, म्हणजे जेमतेम २७ लिटरची. मालकाला पहाटे दादरहून निघून मालवणपर्यंत जायचं असतं आणि घाटरस्त्यात सारखं काट्याकडे बघायचं नसतं. त्याला ४० लिटर हवेत. ते जमतं, पण मूळ बॉडीला एकही काप न देता जमवायचं, या अटीवरच मी काम घेतो.

यामागे नुसती हौस नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी सुरू झाली. तिच्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून टाकी मूळच्याच बोल्टांवर बसली पाहिजे आणि उद्या काढली तर गाडी जशीच्या तशी राहिली पाहिजे. जुनी टाकीही भंगारात देऊ नका. आतून तेल फिरवा, तोंडं बंद करा आणि माळ्यावर ठेवा.

जुनी टाकी उतरवणं हा सगळ्यात धोक्याचा भाग. भरलेल्यापेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड. ती खाली उतरते आणि गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यात साचून राहते. बॅटरी सोडवा, गाडी खड्ड्यावर न घेता उघड्यावर घ्या, पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये काढा. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू असेल तर तो थांबेपर्यंत पान्याला हात लावू नका. मुंबईत गाळे एकमेकांना चिकटलेले, ठिणगी भिंतीवरून येते. आणि जुन्याच टाकीला तुकडा जोडून मोठी करा असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आता माप. पत्रा कापण्याआधी जाड पुठ्ठ्याची टाकी बनवा आणि गाडीखाली धरून बघा. डिकीत वाळूच्या गोण्या टाकून मागची बाजू पूर्ण दाबा, मग ॲक्सल कुठवर वर येतो ते मोजा. जागा वाढवायची तर पुढे, ॲक्सलच्या दिशेनं. बंपरकडे टाकी नेऊ नका, मागून धडक बसली की पहिली तीच चेपते. खालीही फार उतरवू नका, आपले स्पीडब्रेकर खाली आलेला तळ सोडत नाहीत. सायलेन्सरच्या पाइपापासून मी चार बोटं जागा सोडतो आणि मध्ये पत्र्याची ढाल देतो.

७० बाय ४५ बाय १४ सेंटिमीटरची पेटी ४४ लिटरची होते. त्यातले ४० वापरायचे, वरची जागा मोकळी. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल उन्हात वीस अंशांनी तापलं तर ४० लिटरमागे पाऊण लिटर फुगतं. त्याला जागा हवी.

पत्रा मी ३०४ स्टेनलेसचा घेतो, १.२ मिलिमीटर. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण लोखंडी बोल्ट आणि खाऱ्या हवेत ते जोडाशी गंजून खाल्लं जातं. आत दोन आडव्या पट्ट्या द्या, कोपरे कापलेल्या, म्हणजे वळणावर पेट्रोल एकदम एका बाजूला धावणार नाही. तळाला छोटी खोलगट वाटी आणि तिला ड्रेन प्लग हवाच. हल्लीच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, ते इथून काढता येतं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून एक सेंटिमीटर वर ठेवा.

नळ्या मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळतात. ‘जे३० आर९’ असा, इथेनॉल सोसणाऱ्या नळीचा शिक्का वाचूनच घ्या. जुन्या गाडीबरोबर आलेलं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि गळतं. हवेच्या नळीत मात्र बचत करू नका. ती टाकीच्या माथ्यावरून निघून भरण्याच्या तोंडापेक्षा वर जावी, तिथे वळसा घेऊन बॉडीबाहेर खाली उघडावी. या वळशात असा व्हॉल्व्ह बसवा, जो गाडी उलटली तर आपोआप बंद होतो. डिकीत तिचं तोंड उघडलं तर वाफ सीटमागे साचते.

टाकी आणि बॉडीमध्ये नायट्राइल रबराच्या पट्ट्या द्या. नमदा नको, तो पाणी धरून ठेवतो. पण रबरामुळे टाकीचं अर्थिंग तुटतं, हे फार जण विसरतात. काटा हलत नाही म्हणून गेज बदललं जातं आणि दोष निघतो अर्थिंगचा. टाकी आणि भरण्याचं तोंड, दोन्हींपासून चासीला तार द्या. ती नसेल तर पेट्रोल भरताना स्थिर वीज साठते, आणि हे गेजच्या बिघाडापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

गळती तपासायला कंप्रेसर लावू नका. ७० बाय ४५ च्या झाकणावर फक्त १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब म्हणजे सव्वादोनशे किलोचं ओझं, पत्रा फुगून जोड उसवतात. पारदर्शक नळी यू आकारात वळवा, तिच्यात पाणी भरा आणि तोंडानं किंवा सायकलच्या पंपानं हलकेच हवा द्या. दोन बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक पडला की १ पीएसआय झाला. तो अर्धा तास टिकला पाहिजे. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा जुना फ्लोट नवीन खोलीला बसत नाही. फ्लोटच्या जुन्या युनिटचा विद्युत रोध मल्टिमीटरवर रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीत मोजून लिहून ठेवा, आणि नवीन युनिट त्याच आकड्यांचं घ्या. नाहीतर काटा उगाच खोटं बोलत राहील. फ्लोटची दांडी हलकेच वाकवून खोलीप्रमाणे जुळवा. शेवटी गाडी सपाट जागी उभी करून पाच-पाच लिटर पेट्रोल ओता आणि दर वेळी काटा कुठे थांबतो ते कागदावर टिपा. भरलेली टाकी रात्रभर तशीच ठेवून सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. मग एक छोटी फेरी मारून सगळे बोल्ट आणि क्लिपा पुन्हा आवळा.