क्लॉड डेस्कटॉपला क्लाउडवरचं आपलं टूल जोडताना

क्लॉड डेस्कटॉप हे अँथ्रोपिकच्या क्लॉड या एआय सहायकाचं संगणकावरचं ॲप. बाहेरची टूल्स ते एमसीपी या ठरलेल्या पद्धतीने वापरतं. टूल पायथनमध्ये लिहून झालंय आणि क्लाउड रनवर (गूगलच्या क्लाउडवर प्रोग्राम चालवायची सेवा) चढवता येतं, एवढं गृहीत धरते. टूल चालवणारा सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर, ऐकू द्या. जुन्या लेखांतलं एसएसई (सर्व्हरशी बोलायची आधीची पद्धत) सोडा, मार्च २०२५ पासून एमसीपीत त्याची जागा स्ट्रीमेबल एचटीटीपीने घेतली आहे.

क्लाउड रनवर चढवल्यावर मिळालेला पत्ता क्लॉड डेस्कटॉपच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहू नका. हा चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. ती फाइल लॅपटॉपवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी असते. क्लाउडवरचा पत्ता सेटिंग्जमधल्या कनेक्टर्समध्ये, कस्टम कनेक्टर म्हणून द्यायचा. तिथून जोडणी तुमचा लॅपटॉप करत नाही, अँथ्रोपिकचे सर्व्हर करतात. त्यामुळे ऑफिसच्या व्हीपीएनमागचा पत्ता तुमच्या ब्राउझरमध्ये उघडला तरी क्लॉडला सापडत नाही.

आता खरी अडचण: सेशन, म्हणजे क्लॉडशी चाललेल्या संवादाची सर्व्हरने ठेवलेली आठवण.

गोदामातली शिल्लक सांगणारं माझं टूल मी एकटी वापरत होते तोवर उत्तम चाललं. ऑफिसातले चारपाच जण एकदम वापरू लागले आणि कधी उत्तर, कधी एरर. मी तीन रात्री कोड उसवत बसले. दोष टूलच्या कोडमध्ये नव्हताच. लॉगमध्ये 'इनिशिअलाइझ'ला (सेशन सुरू करणारी विनंती) २०० म्हणजे 'ठीक' होतं, पुढच्याच विनंतीला ४०४ म्हणजे 'सापडलं नाही', आणि दोन्ही ओळींसमोरचे इन्स्टन्स आयडी (सर्व्हरच्या चालू प्रतीची ओळख) वेगळे. गर्दी वाढली की क्लाउड रन सर्व्हरच्या आणखी प्रती उभ्या करतं. सेशन पहिल्या प्रतीच्या मेमरीत, विनंती गेली दुसरीकडे. दुसरीला ते सेशन ठाऊक असणार कुठून?

"कमाल इन्स्टन्स एक ठेवा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नवीन डिप्लॉय झालं किंवा वापर नसल्याने ती एकुलती प्रत बंद पडली की सेशन गेलंच. एकाच्या विनंत्या शक्यतो एकाच प्रतीकडे पाठवणारी सेशन ॲफिनिटीही भरवशाची नाही: ती कुकीवर चालते आणि तरीही हमी देत नाही. फास्टएमसीपीत (पायथनमध्ये एमसीपी सर्व्हर लिहायची लायब्ररी) स्टेटलेस एचटीटीपीचा, म्हणजे सेशन न ठेवण्याचा, पर्याय चालू करा. मग प्रत्येक विनंती स्वतंत्र असते, कुठल्याही प्रतीकडे गेली तरी चालते. शिल्लक विचारणाऱ्या टूलला मागचं काही लक्षात ठेवायची गरजच नसते. ज्याला असेल त्याने ते डेटाबेसात ठेवावं, मेमरीत नाही.

कुलपाचं काम मात्र टाळू नका. क्लाउड रनची आयएएम तपासणी (कुणाला आत सोडायचं हे ठरवणारी गूगलची व्यवस्था) चालू ठेवली तर क्लॉडला ४०३ म्हणजे 'प्रवेश नाही' मिळतो, म्हणून ते दार उघडावं लागतं. तेवढ्यावर थांबलात तर पत्ता कळलेला कुणीही तुमचा साठा वाचेल. सर्व्हरमध्ये ओऑथ (लॉगिन करून परवानगी द्यायची पद्धत) बसवा, त्यानंतरच पत्ता सहकाऱ्यांना द्या.

जोडण्याआधी एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनातून टूल एकदा चालवून बघा. सुरुवातीला फक्त वाचणारी टूल्स द्या. नोंद बदलणारं टूल पुढे दिलंत, तर क्लॉड परवानगी मागेल तेव्हा त्याला 'नेहमी' म्हणू नका. दर वेळी आकडा वाचून मगच हो म्हणा.